बंदर कोणी दाखवले? : मालवणच्या आरकाट्यांविषयी

जुन्या मराठीत ‘आरकाटी’ असा एक शब्द होता. परक्या जहाजाला बंदरात शिरण्याची आणि बंदरातून सुखरूप बाहेर पडण्याची वाट दाखवणारा माणूस, म्हणजे आरकाटी. नाखवा हा गलबताचा मालक, तांडेल हा ते हाकणारा, खलाशी हे राबणारे; आरकाटी मात्र या तिघांपेक्षा वेगळा. त्याचे गलबत नसे, माल नसे, बंदराबाहेरच्या प्रवासाशी त्याला फारसे कर्तव्यही नसे. त्याच्याजवळ एकच गोष्ट असे, ती म्हणजे त्या एका ठिकाणच्या पाण्याची माहिती. कुठे खडक आहे, तो कोणत्या भरतीला बुडतो, कोणत्या ओहोटीला डोके वर काढतो, वारा फिरला की प्रवाह कुठे ओढतो, हे त्याला ठाऊक असे. आणि तेवढ्या माहितीसाठी मोठमोठ्या जहाजांचे कप्तान अर्धा-पाऊण तास त्याच्या हाती सुकाणू देत.

शब्द आता मेल्यातच जमा आहे. वर्तमानपत्रे ‘पायलट’ लिहितात आणि वाचकाला विमान आठवते. काम मात्र मेलेले नाही, त्याने वेष बदलला आहे. मालवणच्या धक्क्यावरून पर्यटकांना सिंधुदुर्गाकडे नेणारा, वाटेत हाताने खडक दाखवणारा, किल्ल्याची गोष्ट सांगणारा जो तांडेल आहे, त्याला मी या आरकाट्यांचा वारस मानतो. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा नाही. त्याच्या पूर्वजांनाही नव्हती. मालवणच्या बंदराचा लिखित इतिहास साडेतीनशे वर्षांहून जुना आहे आणि त्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी स्थानिक माणसाने कोणाला तरी हे बंदर दाखवलेले आहे. तो माणूस कागदावर कसा उमटला, किंवा कसा उमटला नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम बंदराविषयी. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये मालवणचे जे वर्णन आहे ते वाचताना जाणवते की लिहिणाऱ्याने हा उपसागर पाण्यावरून पाहिला असावा, निदान पाहिलेल्या माणसाशी तो बोलला असावा. खडकांच्या रांगांनी जवळजवळ बंद झालेला हा उपसागर. त्यात पूर्वी तीन लहान बेटे. दोन किनाऱ्यापासून जरा दूर: थोरल्या बेटावर सिंधुदुर्ग, धाकट्यावर पद्मगड. तिसरे बेट किनाऱ्याला इतके लगटून होते की मधली चिंचोळी खाडी भरून गेली आणि ते जमिनीचाच भाग झाले. जुने मालवण गाव माडांच्या दाटीत वसले ते या तिसऱ्या बेटावर, आणि त्याच्या उंचवट्यावर तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला राजकोट. आज मालवणात फिरणाऱ्याला आपण एका जुन्या बेटावर उभे आहोत याची शंकाही येत नाही.

बंद म्हणजे सुरक्षित. पश्चिमेकडून येणारी लाट या खडकांवर फुटते आणि आतले पाणी त्या मानाने निवांत राहते. कृत्रिम बंदराला जी भिंत कोट्यवधी रुपये खर्चून बांधावी लागते ती इथे निसर्गाने फुकट बांधून दिली आहे. पण भिंत बांधताना दार कुठे ठेवले हे निसर्गाने कुठे लिहून ठेवलेले नाही. जो खडक आतल्या गलबताला राखतो तोच बाहेरून येणाऱ्या अनोळखी गलबताचा तळ फोडतो. मालवणचे सारे मोल या एका गोष्टीत आहे. ज्याला वाट ठाऊक त्याच्यासाठी ते कोकणातले उत्तम आश्रयस्थान. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ते बंदरच नाही. म्हणून इथे आरकाट्याचे ज्ञान ही सोय नव्हती, शस्त्र होते.

आता १६६४. त्या वर्षाच्या आरंभी सुरतेची लूट झाली. पावसाळ्यानंतर शिवाजी महाराज कुडाळ प्रांतात उतरले. विजापूरकरांचा खवासखान, बाजी घोरपडे, वाडीचा लखम सावंत या सगळ्यांशी तिथे झुंज झाली. दक्षिण कोकणचा किनारा हाती आला तो या मोहिमेत. आरमाराची उभारणी त्याआधी काही वर्षे कल्याण-भिवंडीकडे सुरू झालेली होती. तिथल्या कामावर असलेला रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह पळून गेल्याची हकीकतही प्रसिद्ध आहे. तेव्हा जहाजे होती, समुद्र होता. हवे होते ते दक्षिणेत पाय रोवायला एक ठाणे. जंजिऱ्याचा सिद्दी काही केल्या हटत नव्हता, म्हणून त्याच्या तोडीची दुसरी जागा शोधणे भाग होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर एका खडकाजवळ गणेशपूजन होऊन समोरच्या कुरटे बेटावरील किल्ल्याचा प्रारंभ झाला. तो खडक म्हणजे ‘मोरयाचा धोंडा’. आजही दाखवतात.

ही जागा महाराजांना कोणी दाखवली? या प्रश्नाचे आपल्याजवळचे सर्वांत बोलके उत्तर चित्रगुप्ताच्या बखरीत आहे. बखर घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेली, त्यामुळे तिच्यातला प्रत्येक तपशील पुराव्यासारखा धरता येत नाही. पण तिच्या हकिकतीचा गाभा असा, की महाराजांनी बेटाविषयी विचारणा केली, जाणत्यांनी जागेची ग्वाही दिली, आणि ज्या कोळ्यांनी बंदराची पाहणी करून दिली त्यांना गावे इनाम मिळाली. मला यातला इनामाचा उल्लेख फार महत्त्वाचा वाटतो. बखरकार स्तुती करताना हात सैल सोडतो हे खरे. पण स्तुती तो राजाची करतो, सरदारांची करतो. कोळ्यांना इनाम दिले हे त्याने कशासाठी रचावे? त्यात कोणाचा मोठेपणा वाढत नाही. म्हणजे शंभर वर्षांनंतरही करवीरच्या मुलखात ही आठवण टिकून होती, की हे बंदर वरून, घोड्यावरून दिसलेले नाही. ते खालून, होडीतून दाखवले गेले.

किल्ल्याच्या बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव जोडलेले आहे. दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी ही आरमारी नावे आपण शाळेत शिकतो. बंदर दाखवणाऱ्या कोळ्यांची नावे मात्र सर्वतोमुखी नाहीत. ते जातीने, धंद्याने ओळखले जातात: कोळी. हे केवळ मालवणचे दुर्दैव नाही. १४९८ साली वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून कालिकतपर्यंत ज्याने आणले त्या वाटाड्याचे उदाहरण घ्या. जगाचा इतिहास बदलणारी ती वाट. तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नावाड्या इब्न माजिद, असे फार काळ छापले गेले. आता तज्ज्ञ ते मानत नाहीत, तो बहुधा गुजराती होता असे म्हणतात. पोर्तुगीज ग्रंथांत त्याला जे ‘मालेमो काना’ म्हटले आहे, त्यातला ‘मालेमो’ म्हणजे आपला मालीम, जहाजाची दिशा सांभाळणारा. आणि ‘काना’ हाही बहुधा ज्योतिषी या अर्थाचा शब्द. म्हणजे नाव म्हणून जे उरले ते दोन हुद्दे. माणूस गळून पडला.

किल्ल्याचे काम सुरू झाले आणि अवघ्या अडीच महिन्यांत या बंदराची परीक्षा झाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन मालवणहून निघाले आणि दक्षिणेस बसरूरवर गेले. ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे असा त्या ताफ्याचा आकडा मिळतो. बसरूरच्या स्वारीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, लुटीचे हिशेब मांडले गेले आहेत. मला मात्र नेहमी त्या सकाळचा प्रश्न पडतो ज्याविषयी कोणी लिहीत नाही. खडकांनी वेढलेल्या या उपसागरातून ८८ गलबते एकामागून एक बाहेर कशी काढली असतील? शिडाचे गलबत जागच्या जागी थांबवता येत नाही. पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, फार तर काही तास मिळतो. दिवस वर आला की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि बाहेर पडणे अवघड होते. भरतीची वेळही त्याच काही तासांत साधायला हवी. एवढ्या थोड्या अवधीत एवढी गलबते खडकांमधून काढायची तर वाट जाणणारी माणसे एक-दोन पुरणार नाहीत. याचा पुरावा दप्तरात सापडेल अशी मला आशा नाही; पण पुरावा नाही म्हणून ती माणसे नव्हती असे म्हणता येत नाही, कारण गलबते बाहेर पडली हे तर नक्की आहे.

यानंतरच्या शंभर वर्षांवरून मी भराभर पुढे जातो. १६९५ साली राजाराम महाराजांच्या काळात किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर झाले. या मंदिरातली महाराजांची मूर्ती अनेकांना चकित करते, कारण तिला दाढी नाही आणि डोक्यावर जिरेटोप नाही. जे शिरोभूषण आहे ते दर्यावर्द्याच्या टोपीसारखे दिसते. मूर्तिकाराचे मन कोणी वाचावे? परंतु बेटावरच्या भक्तांनी आपला राजा आपल्या वेषात पाहिला असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

वारणेच्या तहानंतर सिंधुदुर्ग करवीरकरांकडे राहिला. मालवणच्या गलबतांनी इंग्रजांच्या व्यापाराला इतके सतावले की त्यांच्या कागदांत गावाचे नावच लुटारूंचे नाव झाले: ‘मालवान’ म्हणजे चाचे. १७६५ साली मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी मुंबईहून येऊन किल्ला घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. हे नाव टिकले नाही, इंग्रजांचा मुक्कामही टिकला नाही. पुढच्याच वर्षी जिजाबाई राणीसाहेबांच्या करवीर दरबाराकडून दंड आणि हमी घेऊन त्यांनी किल्ला परत दिला. का दिला, याचे उत्तर हिशेबी आहे: ठाणे राखण्याचा खर्च झेपत नव्हता, उत्पन्न नव्हते. मला यात आणखी एक कारण दिसते, तेवढे मांडून ठेवतो. तट जिंकणे वेगळे आणि पाणी जिंकणे वेगळे. किल्ल्यात इंग्रज शिपाई बसवता येत होते, पण भोवतीच्या खडकांतून ये-जा करायची तर ज्यांच्याविरुद्ध लढाई केली त्याच गाबीत-कोळ्यांना विचारावे लागत होते.

इंग्रजांनी धडा घेतला असे म्हणावे लागेल. १७८० च्या दशकाच्या अखेरीस जॉन मॅक्लुअर याने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. पुढे जेम्स हॉर्सबर्गच्या नौकानयन मार्गदर्शकात अशा मोजण्यांचे सार आले आणि ते पुस्तक पूर्वेकडे येणाऱ्या जहाजांवर बायबलसारखे वापरले गेले. समुद्राची मोजणी कशी होई? दोरीला शिसे बांधून ते पाण्यात सोडायचे, किती वाव खोली लागली ते नोंदवायचे, तळाची माती चिकटून आली तर तीही पाहायची. आणि किनाऱ्यावरची देवळाची शिखरे, डोंगरमाथे, बुरूज यांचे कोन मोजून जागा ठरवायची. हे काम परकी माणसे एकट्याने करूच शकत नाहीत. पाण्याखालच्या खडकावर शिसे नेमके पडायचे तर तो खडक आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते. नकाशात वाव आले, कोन आले. सांगणारा आला नाही. १८१२ साली तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले तेव्हा आरकाट्याच्या ज्ञानाचा मोठा भाग नकाशावर उतरलेला होता, आणि तेथून त्याची किंमत उतरू लागली.

पूर्णपणे मात्र उतरली नाही. आगबोटींचा काळ आला तेव्हा तोच खडक पुन्हा आडवा आला. मुंबईहून निघालेली आगबोट कोकणातल्या बहुतेक लहान बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडाव, होडकी तिच्याकडे धावत. पोरेबाळे, गाठोडी, फणस, कोंबड्या, मुंबईच्या गिरणीत चाललेला नवखा जवान, माहेरी आलेली लेक, सगळे हेलकावणाऱ्या होडक्यातून आगबोटीवर चढत आणि तसेच उतरत. या उतारूंना लाटेचा अंदाज घेऊन नेमक्या क्षणी हात देणारा होडीवाला जुन्या कोकणी माणसांच्या आठवणींत जागोजाग भेटतो. पावसाळ्यात वाहतूक बंद, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सुरू. १९८० च्या दशकात कोकणची ही प्रवासी वाहतूक थांबली. त्याआधीच एस. टी.ने घाट जिंकलेले होते. मालवण हे बंदर म्हणून मागे पडले, मासळीपुरते उरले.

त्याच सुमारास दुसरे काहीतरी सुरू होत होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोही किल्ल्याचे नाव घेऊन. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्राचा गाभा नेमका सिंधुदुर्ग-पद्मगडाभोवतीचा. १९९७ साली जिल्ह्याला पर्यटन जिल्हा म्हटले गेले आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. मुंबई-पुण्याची कुटुंबे सुट्टीत मालवणला येऊ लागली. त्यांना किल्ला पाहायचा होता आणि किल्ला पाण्यात होता. आरकाट्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले.

या नव्या आरकाट्याचे काम जुन्याहून सोपे आहे असे समजू नये. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंतचा प्रवास पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचा. त्या पंधरा मिनिटांत त्याला होडी हाकायची, दोघा पोरांना काठावरून आत बसवायचे, एका आजींची भीती घालवायची, आणि मोरयाचा धोंडा, पद्मगड, राजकोट, तटाची लांबी, किल्ल्यातल्या दूधबाव-दहीबाव-साखरबाव या गोड्या विहिरी, सगळे सांगून व्हायचे. काही होड्या तारकर्ली, देवबागच्या संगमापर्यंत नेतात, निवतीच्या खडकांकडे नेतात. कर्ली नदीच्या मुखाजवळ वाळूचे एक बेट वर आले आहे, त्याला सारे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात; २००४ च्या त्सुनामीनंतर ते उगवले असे सांगतात. उगवले तेव्हाच का, हा भूगोलतज्ज्ञांचा विषय. पण स्थळाला नाव कसे पडते, हे अभ्यासकाला जुन्या कागदात शोधावे लागते; ते इथे आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. मोरयाचा धोंडाही कधीतरी नवा होता.

तांडेलाच्या कथनाविषयी सुशिक्षितांत एक तुच्छता असते, ती मला मान्य नाही. मात्र त्याचे प्रत्येक वाक्य शिरोधार्य मानणारा भाबडेपणाही नको. एक उदाहरण पुरे. किल्ल्याला एक कोटी होन खर्च आला, असे होडीत आणि किल्ल्यात हमखास ऐकू येते. होन हे सोन्याचे नाणे, साधारण साडेतीन-चार रुपयांचे. म्हणजे हा खर्च साडेतीन-चार कोटी रुपयांचा झाला. सुरतेच्या पहिल्या लुटीचा तेव्हाच्या परकीयांनी केलेला अंदाज एक कोटी रुपयांच्या आसपास घोटाळतो. एका किल्ल्यासाठी तीन-चार सुरती लुटाव्या लागल्या असत्या. आकडा अर्थातच खरा नाही. पण तो तांडेलाने रचलेला नाही, हे लक्षात घ्या. तो ग्रंथांतून, बखरीच्या परंपरेतून होडीत आलेला आहे. अडाण्याची अतिशयोक्ती म्हणून आपण ज्याला हसतो ते पुष्कळदा आपल्याच पोथीचे उष्टे असते. जंजिऱ्यालाही हेच. राजापुरीहून शिडाच्या होडीत बसले की २२ एकर, २२ बुरूज, २२ वर्षे बांधकाम असा बाविसाचा पाढा सुरू होतो. कागद सांगतात की दगडी किल्ल्याचे मुख्य काम १५६७ ते १५७१ या काळातले. पाढा ऐकायला गोड लागतो, लक्षात राहतो, म्हणून टिकतो. गोष्ट सांगून पोट भरणाऱ्याला यमक लागते.

आता याची दुसरी बाजू. सिंधुदुर्गाचा दरवाजा समुद्राकडे नसून गावाकडच्या अंगाला आहे आणि बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे की जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे प्रत्येक पुस्तकात असते. कारण म्हणून ‘गोमुखी रचना’, ‘शत्रूला चकवा’ असे लिहितात. तांडेल वेगळे कारण सांगतो: त्या बाजूला होडी लागते, दुसरीकडे लागतच नाही. पश्चिमेच्या अंगाला खडक आणि फुटती लाट. तिथे दरवाजा ठेवून करायचे काय? पुस्तकाचे कारण चूक नाही, पण ते दुय्यम आहे. आधी पाण्याने जागा ठरवली, मग वास्तुकाराने ती झाकली. तसेच तटाचे. सुमारे ४८ एकरांच्या बेटाभोवती जवळजवळ तीन किलोमीटर फिरणारा हा तट कुठेही सरळ रेषेत धावत नाही, सारखा आतबाहेर वळतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला ही वळणे माऱ्यासाठी मुद्दाम काढलेली वाटतात, आणि तो उपयोग होतोच. होडीतून फेरी मारली की ध्यानात येते, की तट बहुतेक ठिकाणी खडकाची कड धरून चालला आहे. जिथे कातळ आत शिरला तिथे भिंतही आत शिरली. लाटेच्या माऱ्यात साडेतीन शतके उभा राहिलेला पाया शिशाचा असो वा नसो, तो जिवंत कातळावर आहे हे पाण्यावरूनच कळते. किल्ल्यांवर लिहिणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींनी किल्ल्यात तासन् तास घालवले आहेत. किल्ल्याभोवती घालवलेले तास फार थोडे. जलदुर्ग हे प्रकरण बाहेरून वाचायचे असते.

आणि इथेच मला या विषयाची निकड वाटते. तांडेलाजवळ दोन प्रकारचे ज्ञान आहे. एक पर्यटकाला सांगायचे: महाराज, होन, गोड्या विहिरी. दुसरे न सांगायचे: खडकांची नावे, कोणता धोंडा कोणत्या भरतीला किती बुडतो, किनाऱ्यावरच्या कोणत्या दोन खुणा एका रेषेत आल्या की वळायचे, उधाणाच्या दिवसांत कोणती वाट चालते आणि भांगाच्या दिवसांत कोणती. पहिल्याला तिकीट आहे. दुसऱ्याला नाही. साहजिकच पहिले वाढते आहे, आणि दुसरे, ज्याच्या जिवावर १६६४ चा निर्णय झाला, ते आटते आहे. हातातल्या यंत्रावर आपली जागा ठिपक्याने दिसू लागल्यावर दोन खुणा जुळवण्याचे कसब पुढच्या पोराला शिकवायचे कशाला? शिवाय धंद्याला आधार फार तकलादू. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या नियमाप्रमाणे मे महिन्याच्या अखेरीस प्रवासी होड्या बंद होतात त्या सप्टेंबरपर्यंत. तीन महिने धक्का ओस. मासेमारीकडे वळावे तर रापण ओढणाऱ्यांचे आणि पर्ससीनवाल्यांचे वैर, एलईडीच्या झोतातली मासेमारी, अभयारण्याच्या नियमांची टांगती तलवार. गाबीत घरातला मुलगा मुंबईला नोकरी शोधतो यात त्याचा काय दोष?

अनुभवी हात कमी झाले की काय होते याची चुणूक याच किनाऱ्याने पाहिली आहे. मे २०२२ मध्ये, हंगाम संपायला दोन दिवस उरलेले असताना, तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्या विशिष्ट घटनेतला दोष ठरवण्याचे काम माझे नव्हे. पण हंगामाच्या शेवटी समुद्र कसा वागतो याची जाण तासाच्या प्रशिक्षणातून येत नाही, एवढे कोणीही जाणता सांगेल. जीवरक्षक जाकीट आवश्यकच आहे. ते आरकाट्याला पर्याय नाही.

आणखी एक अलीकडची गोष्ट, कारण तिचा या बंदराच्या दृश्याशी संबंध आहे. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, राजकोटावर महाराजांचा पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्यानंतर झालेले राजकारण सर्वांना ठाऊक आहे; नवा पुतळाही उभा राहिला. त्या दिवसांत समाजमाध्यमांवर पावसाळी वाऱ्याच्या वेगाची चर्चा चालली होती. ऑगस्टात राजकोटाच्या टोकावर वारा कसा असतो, हे विचारायला मालवणात माणसे कमी नव्हती. ज्या महिन्यांत ती होड्या पाण्यात घालत नाहीत, त्याच महिन्यांतला तो वारा.

करण्यासारखे काम लहान आहे आणि खर्चाचे नाही. मालवणच्या उपसागरातल्या प्रत्येक खडकाचे, प्रत्येक वाटेचे स्थानिक नाव, ते सांगणाऱ्याच्या नावासह, नकाशावर नोंदवले गेले पाहिजे. सांगणाऱ्याच्या नावासह, यावर माझा जोर आहे. विजयदुर्गाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्याखाली बुडी मारून शोध घेतला, तसा शास्त्रीय शोध जरूर व्हावा. परंतु शब्दांचा शोध त्याआधी व्हायला हवा, कारण दगड आणखी तीनशे वर्षे वाट पाहील, सत्तरीचा तांडेल पाहणार नाही. स्थळनामांत इतिहास दडलेला असतो हे आपण गावांच्या बाबतीत मानतो. मालवण हे नाव मिठाशी जोडणारी व्युत्पत्ती आपण आवडीने सांगतो. मग पाण्यातल्या नावांना इतिहास नाही काय? मोरयाचा धोंडा आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याच्यापाशी एक राजा उभा राहिला. बाकीच्या धोंड्यांपाशी गलबते उभी राहिली, काही फुटली. त्यांची नावे फक्त धक्क्यावर आहेत.

या कामाला सर्वांत चांगले दिवस पावसाळ्याचे. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी विणायला बाहेर काढलेली असतात आणि माणसे घरी सापडतात. जून लागला की एखाद्या अभ्यासकाने वही घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर जावे.